सिस्टर, डॉक्टर कुठे आहेत?

शहापूर. मे महिना, सकाळचे साडेनऊ. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग पायऱ्या उतरून आवारात आली आहे. झाडाची सावली संपते तिथे ती वाकते आणि भिंतीला चिकटून पुढे सरकते. खर्डीहून लोकलने आसनगावला उतरून, शेअर रिक्षा करून आलेली बाई. हाताला फडकं गुंडाळलेला गवंडी. पोटाशी पिशवी धरलेल्या दोन गरोदर मुली, एकीची आई सोबत. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईचं पाणी याच डोंगरांतून जातं. रांगेतल्या काही बाटल्या मात्र टँकरच्या पाण्याने भरून आल्या आहेत.

“आज डॉक्टर कोण आहेत?” रांगेत हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठतो. आज सिस्टर कोण आहेत, हे कुणी विचारत नाही.

आत पुरुषांचा वॉर्ड. पंखे फिरतायत, वारा नाही. फिनेल, घाम आणि कुणीतरी उघडलेल्या डब्यातली सुक्या बोंबलाची भाजी, असा मिळून एक वास. खाटा भरलेल्या, मधल्या जागेत चटया, चटयांवर नातेवाईक. ड्युटीवर दोन सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, असा आपल्याकडचा जुना मापदंड आहे. मी खाटा मोजायला लागते आणि सोडून देते. मोजायची गरज नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर पंचविशीतला तरुण. पहाटे ओटीवर झोपलेला असताना काहीतरी चावलं, असं भाऊ सांगतो. दुखत नाही. सूज नाही. दाताची खूण शोधावी लागते. सिस्टरने त्याचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलंय. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. शिकाऊ मुलगी घड्याळाकडे बघत उभी आहे. वीस मिनिटं होतात, सिस्टर नळी तिरकी करते. रक्त गोठलेलं आहे. घोणसाचं विष असतं तर ते पातळ राहिलं असतं. भाऊ भिंतीला टेकतो. “म्हणजे काही नाही ना?”

सिस्टर उत्तर देत नाही. तरुणाच्या डोळ्यांसमोर बोट धरते.

“वर बघ. बोटाकडे. बघत राहा.”

तो बघतो. थोड्या वेळाने पापण्या खाली येतात. तो जोर लावून उचलतो. पुन्हा खाली.

“मण्यार,” ती शिकाऊ मुलीला सांगते, भावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मण्यार चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, रक्तही नीट गोठतं. आधी पापण्या जड होतात. मग गिळता येत नाही. मग श्वास.

ती ओपीडीत निरोप धाडते आणि थांबत नाही. ट्रे लावते. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या दहा बाटल्या, ॲड्रेनलिन भरून ठेवलेली सिरिंज, अंबू बॅग. ऑक्सिजनचा सिलिंडर शिकाऊ मुलीकडून ओढून घेते. डॉक्टर जवळजवळ धावतच येतात, पापण्या बघतात, “सुरू करा” म्हणतात. सुरू करायला सगळं तयार असतं. मग ते केसपेपरवर लिहितात, पापण्या जड आढळल्या, आणि खाली सही करतात. सिस्टरही लिहील, पाळी संपताना, तिच्या नोट्समध्ये. त्या फाइलला मागच्या बाजूने लागतात. डॉक्टर भले आहेत. जाता जाता “बरं लक्षात आलं तुमच्या” म्हणतात. तोवर ती पलीकडच्या खाटेवरची संपत आलेली सलाईन बदलत असते.

भाऊ माझ्याजवळ येतो. “डॉक्टर चांगले आहेत इथले,” म्हणतो.

शहापूरहून मुरबाडकडचा रस्ता शेणवे, किन्हवली करत सरळगावला निघतो. एसटीच्या खिडकीचा पत्रा हात ठेवू देत नाही. दोन्हीकडे भाताची कोरडी खाचरं, मधूनमधून राब भाजल्याचे काळे चौकोन. एका फाट्यावर दोन पोरी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभ्या. सरळगावला उतरून माळशेजच्या रस्त्याला लागायचं. टोकावडे मागे पडतं. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते, उन्हात पांढुरकी. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला. उरलेल्या ठाण्याचं नाव काढलं की लोकांना तलावपाळी आणि घोडबंदर आठवतं. हेही ठाणेच आहे.

आतल्या फाट्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. दारातच फ्लेक्स. १२ मे, परिचारिका दिनाच्या शुभेच्छा. मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल, हातात दिवा. चारही कोपऱ्यांत प्रमुख पाहुणे. केंद्रातल्या एकाही सिस्टरचा फोटो नाही. या दिवेवाल्या बाईने क्रायमियाच्या युद्धातल्या मृत्यूंची आकडेवारी १८५८ साली चित्रांतून मांडली आणि सैन्यातले अधिकारी गप्प बसवले. हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या गटारांवरून ती पुढे वर्षानुवर्षं इंग्रज सरकारशी भांडली. फ्लेक्सवर दरवर्षी दिवाच तेवढा येतो.

वैद्यकीय अधिकारी ठाण्याला मीटिंगला गेलेत. ओपीडीच्या बाकांवर तरीही माणसं आहेत. जातील कुठे? पुढची एसटी दुपारी.

प्रसूतीच्या खोलीत पहिलटकरीण. एकोणीस-वीस वर्षांची, ओठ चावून पडलेली. आई दारात.

“सिस्टर, डॉक्टर कुठे आहेत?”

“मीटिंगला. मी आहे ना.”

“तसं नाय, पण डॉक्टर...”

“मावशी, चहा पिऊन या. अजून दोन तास तरी लागतील.”

सिस्टरच्या टेबलावर आलेखाचा कागद आहे, पार्टोग्राफ. आडव्या रेषेत तास, उभ्या रेषेत गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. कागदावर दोन तिरप्या रेषा छापलेल्या. पहिली सावध करते, दुसरी चार तासांनी मागून येते. सिस्टर तपासते, हात धुते, पुसते आणि एक फुली मारते. मग पोटावर तळहात ठेवून घड्याळाकडे बघते. दहा मिनिटांत कळा किती, प्रत्येक कळ किती सेकंदांची. तेवढे चौकोन भरते. बाळाचे ठोके. आणखी एक ठिपका. फुल्या पहिल्या रेषेच्या डावीकडे चढतायत तोवर ही मुलगी इथे बाळंत होणार. फुली उजवीकडे सरकली की गाडी बोलवायची. आधी मुरबाड, तिथे जमलं नाही तर कल्याण नाहीतर उल्हासनगर. नुसतं मुरबाड ते कल्याण म्हटलं तरी तीस किलोमीटर, आणि संध्याकाळी कल्याणच्या तोंडावर वाहतूक.

“लवकर पाठवलं तर मुरबाडहून फोन येतो, एवढ्यासाठी कशाला पाठवलं,” सिस्टर सांगते. “उशिरा पाठवलं तर काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे.”

पाठवायचं ठरलं तर एक छापील चिठ्ठी भरावी लागते. खाली ‘वैद्यकीय अधिकारी’ असं छापलेलं आहे. ती त्याच्या वर ‘करिता’ लिहून स्वतःची सही करते. खणात अशा भरलेल्या चिठ्ठ्यांच्या कार्बनप्रतींचं बाड आहे. कडा पिवळ्या पडलेल्या. अक्षर एकच.

भिंतीवरच्या फडताळात वेगळा ट्रे, झाकलेला. झटके आलेल्या बाईसाठी. मॅग्नेशियम सल्फेटच्या छोट्या अँप्युल, एकेकीत एक ग्रॅम. पहिला डोस दहा ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. म्हणजे बाई झटके देत असताना दहा काचा फोडायच्या, भरायच्या, टोचायच्या आणि मग गाडीत घालायचं. आरोग्यसेविकेने आणि स्टाफ नर्सने हा पहिला डोस डॉक्टरची वाट न बघता द्यावा, हे केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत छापलेलं आहे. त्या सूचनांची झेरॉक्स फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली. कशाला चिकटवलीय, विचारल्यावर सिस्टर हसते. “कोणी विचारलं, कोणाच्या ऑर्डरने दिलं, तर दार उघडून दाखवायचं.”

दोन तास लागत नाहीत. पाऊण तासात आवाज बदलतो. मी दाराबाहेर जाते, मग मलाच आत हाक येते, कारण टॉर्च धरायला माणूस नाही आणि लाईट गेलीय. डोकं दिसतं. सिस्टरचा एक हात खाली, आवाज एकसुरी. “जोर नको. आता नको. श्वास सोड. फूं... फूं... आता.” बाळ आईच्या पोटावर. पुसणं, चोळणं, रडणं. पहिलं मिनिट संपायच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन, रक्तस्राव रोखायला. नाळेला दोन क्लॅम्प. ती मोठ्याने वेळ सांगते आणि मी, दुसरं काही सुचत नसल्याने, माझ्या वहीत लिहून घेते. एक वाजून सात मिनिटं. दोन किलो सहाशे. मुलगी.

प्रसूती रजिस्टरमध्ये ‘प्रसूती कोणी केली’ असा रकाना आहे. तो ती सावकाश भरते, पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. शहापूरच्या त्या फाइलीपेक्षा हे रजिस्टर मला आवडतं.

चहा येतो. बोलणं कायद्यावर जातं, कारण दुसऱ्या सिस्टरच्या मोबाइलवर ग्रुपमध्ये काहीतरी फिरतंय. १९४७ च्या नर्सिंगच्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये नवा कायदा संमत झाला, परिचर्या आणि मिडवाइफरीसाठी राष्ट्रीय आयोगाचा. त्याआधी २०१८ मध्ये केंद्राने ठरवलं होतं की नर्सला अठरा महिने शिकवून साध्या प्रसूतींची जबाबदारी तिच्याकडेच सोपवावी. “अठरा महिने?” आताच बाळंतपण उरकलेली सिस्टर बशीत चहा ओतते. “मग इथे कोण बसणार अठरा महिने?” यावर कुणाकडे उत्तर नाही. दारात मघाची आई उभी आहे. पेढे नाहीत, गूळ आणलाय. डॉक्टर आले की त्यांनाही द्यायचा म्हणून निम्मा कागदात बांधून ठेवते.

उपकेंद्र इथून आत, कच्च्या रस्त्याला. सपाटीवर पाच हजार वस्तीला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक, असा नियम आहे. तीन हजार माणसं, पण एका गावात नव्हे. पाडे. एक ओढ्यापलीकडे, एक टेपावर, एक थेट कड्याच्या पायथ्याशी. इमारतीला नवा पिवळा रंग आणि ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ ही नवी पाटी. आत टेबलामागे समुदाय आरोग्य अधिकारी. तिशीच्या आतली मुलगी, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, वर सहा महिन्यांचा कोर्स. मानधन २५ हजार, आणि काम दिसलं तर त्यावर १५ हजारांपर्यंत. आपल्या राज्यात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधरही घेतात. शेजारच्या उपकेंद्रात तसे एक आहेत. पद एक, पाटी एक, मानधन एक. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. हिला सिस्टर.

“मला राग नाही,” ती म्हणते. “पण त्यांच्याकडून औषध घेऊन आलेला माणूस मला विचारतो, डॉक्टरांनी दिलंय ते बरोबर आहे ना?” मग स्वतःच हसते. “म्हणजे विचारतो मलाच.”

बाकावर एक आजी. लुगड्याचा पदर डोक्यावर, पायात काही नाही. बीपीचा पट्टा फुगतो, उतरतो. १७२, १००. मुलगी दोन मिनिटं थांबते, पुन्हा घेते. तेच. आजीचं आधीचं कार्ड बघते. गेल्या खेपेलाही जास्तच होतं. कपाटात ॲम्लोडिपिनच्या गोळ्या आहेत, मोजून ठेवलेल्या. डॉक्टरांनी एकदा सुरू केलेली गोळी ती महिन्यामहिन्याला देऊ शकते. सुरू करायची तर डॉक्टर हवा. म्हणून टॅब काढते, ई-संजीवनीवर कॉल लावते. गोल फिरत राहतं. ती टॅब घेऊन बाहेर जाते, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढते, तिथे रेंज येते. आजीलाही हाताला धरून कट्ट्यापर्यंत आणावं लागतं, कारण डॉक्टरांना पेशंट दिसायला हवा. उन्हात आजी डोळे मिचकावत पडद्याकडे बघते. पडद्यावरचे डॉक्टर विचारतात, “सिस्टर, तुमचं काय मत?” ती सांगते, ॲम्लोडिपिन पाच, रात्रीची एक, पंधरा दिवसांनी परत बघते. “चालेल,” पडदा म्हणतो. चिठ्ठी तयार होते. नाव डॉक्टरांचं.

२०१९ च्या वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात ३२ वं कलम आहे. प्राथमिक आरोग्याच्या पातळीवर ठरावीक औषधं लिहून देण्याचा मर्यादित परवाना डॉक्टर नसलेल्यांना देता येईल, असं ते सांगतं. देशभर डॉक्टरांनी तेव्हा संप केला होता. त्यांचंही एक म्हणणं होतं, भोंदूंना मोकळं रान मिळेल हे. टाकीच्या कट्ट्यावर मला ते म्हणणं आठवतं. पटत मात्र नाही.

आरोग्यसेविका पाड्यावर निघालीय, आज लसीकरणाचं सत्र. पन्नाशीची, पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर खोचलेला. खांद्याला निळा व्हॅक्सिन कॅरियर. सकाळी केंद्रातून निघताना त्यात चार आइसपॅक घातले आहेत. घालण्याआधी प्रत्येक पॅक कानाशी हलवून बघितला. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. दगडासारखा गोठलेला पॅक घातला तर पेंटाव्हॅलंट लस गोठून वाया जाते, आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही. सोबत आशाताई, डोक्यावर टॉवेल. वाट करवंदीच्या जाळ्यांतून वर चढते. बोलायला दम राहत नाही.

पिशवीत जेंटामायसिनच्या कुप्या आहेत. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग दिसला आणि मोठ्या दवाखान्यात नेणं लगेच होत नसलं तर आरोग्यसेविकेने हे इंजेक्शन द्यावं, अशी सूचना २०१४ मध्ये निघाली. गडचिरोलीत गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायका हेच इंजेक्शन त्याच्या कितीतरी आधी देत होत्या. तिथले बालमृत्यूंचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. परवानगीला त्यानंतर पंधरा वर्षं लागली.

पाडा. अंगणवाडीची खोली, पत्रा तापलेला. यादीत सात मुलं. आलेलं एक. नऊ महिने पूर्ण, गोवर-रुबेलाची पहिली लस. आई कडेवर घेऊन उभी, घाईत. बाकीची? “हळदीला गेलीत,” आशाताई सांगते. खालच्या पाड्यावर लग्न आहे. वाऱ्याबरोबर बेंजोचा आवाज तुटक तुटक येतोय.

आरोग्यसेविका कुपी हातात घेऊन बघते. झाकणावरचा चौकोन फिकट आहे, लस चांगली. एका कुपीत पाच डोस. द्रावण घालून तयार केली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एका मुलासाठी उघडली तर चार डोस वाया. सरकारी धोरण सांगतं, एक मूल असलं तरी उघडा. महिन्याच्या आढाव्यात मात्र वाया गेलेल्या डोसांचा रकाना असतो आणि टक्का वाढला की उभं करून विचारतात.

“पुढच्या महिन्यात आणू का?” आईच विचारते. तिलाही हळदीला जायचंय.

“पुढच्या महिन्यात तू असशील इथे? पाऊस पडला की लावणीला माहेरी जाशील.” ती कुपीची टोपी काढते. द्रावण घालते, हलकेच फिरवते, वेळ पेनाने कुपीवर लिहिते. ३.१०. उजव्या दंडात अर्धा मिली. मूल आधी आश्चर्याने बघतं आणि मग रडतं. तोंडात ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक मिली, नारिंगी, निम्मा गालावर. सुई कटरमध्ये. कार्डावर तारीख. “अर्धा तास इथेच बसायचं. ताप आला तर ही गोळी, चौथा भाग.”

त्या अर्ध्या तासात ती यादी उलटीपालटी करते. गोवराच्या पहिल्या डोसाचे दोन बाकी, दुसऱ्याचे तीन. आशाताई नावं वाचते आणि प्रत्येक नावाला कोणाच्या अंगणात सापडेल ते सांगते. पावणेचारला कॅरियर पुन्हा खांद्यावर. उतार, दगड, घसरडं वाळकं गवत. बेंजो जवळ येत जातो.

मांडवात पिवळी तोंडं. गाणं इतकं मोठं की बोलणं हातवाऱ्यांनी. आरोग्यसेविका थेट नवरदेवाच्या आजीकडे जाते, कानात काहीतरी सांगते. आजी ऐकते, मान हलवते, काठी उचलते आणि बेंजोवाल्याला दाखवते. गाणं मध्येच तुटतं.

“बाय सुया घेऊन आलीय,” आजी मांडवभर ओरडते. “ज्याची राहिलीत त्याने पोरं आणा. नंतर ताप आला तर आमच्या दारात यायचं नाय.”

कोणी हसतं, कोणी पोर लपवतं. एक तरुण बाप पुढे येतो, अंगभर हळद. “डॉक्टर नाय आले?” तो विचारतो.

“नाही आले. पोराला शर्ट काढायला सांग.”

पहिलं, दुसरं. तिसऱ्याला दोघी धरतात. चार वाजून वीस मिनिटं. ती कुपी उन्हाकडे धरून बघते, तळाशी एक डोस आहे.

“आशाताई, यादीत अजून कोण?”